नळीचं दुसरं टोक

"एक पैंजण दुसऱ्या जोडीचं हाय," मी मोठ्यानं बोलून गेले. माझ्या तोंडाला दारच नाही. मंगळवार पेठेतल्या सराफाकडं चांदीच्या पैंजणांचा माल पोचवून मी आमच्या गावची, हुपरीची, एसटी धरायला निघाले होते आणि वाटेतल्या गॅरेजात एक लाल गाडी नुसती कण्हत होती.

बॉनेटखालून एक डोकं वर आलं. गालाला ऑईल, डोळे मात्र स्वच्छ. "पावणं, हितं इंजन हाय. पैंजण कुठं दिसलं तुमास्नी?"

"दिसलं न्हाय, ऐकलं. घरात जोड लावायचं काम माझं. दोन्ही पायांचं घुंगरू एका आवाजात वाजल्याबिगर मी पैंजण हातावेगळं करत न्हाय."

वाटलं, आता हसेल. पण त्यानं पान्हा खाली ठेवला आणि बाजूला सरकून मला जागा दिली... तिथंच मी फसले.

गुरुसिद्ध त्याचं नाव. गाडी उदयसिंह पाटलांच्या आजोबांची. ठेंगणी, लांब नाकाची, दोघंच बसतील अशी स्पोर्ट्स कार. तिला दोन कार्बोरेटर. एक कायमचा गेलेला, आणि तसला आता कुठंच मिळेना. म्हणून गुरुसिद्धनं दुसऱ्याच गाडीचा आणून बसवला होता. बसला, पण जुन्याशी त्याचं काही केल्या पटेना.

"अप्पांनी, माझ्या वडलांनी, सांगितलंय," तो हात पुसत म्हणाला, "रविवारी गाडी मालकाच्या दारात चालत गेली तर गॅरेज तुझं. न्हायतर कुलूप लावायचं, आन गडहिंग्लजला त्यांच्या मिरचीच्या दुकानात बसायचं."

हा जाणार म्हणून मला वाईट वाटायचं काय कारण? पण वाटलं. त्या आठवड्यात सराफाकडं नसलेली कामं काढून मी येत राहिले. तो रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला लावायचा, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचा. हवा आत जाताना स्स्स... असा आवाज यायचा. एकाचा बारीक, दुसऱ्याचा घोगरा. दोन्ही एक झाल्याशिवाय गाडी सुधारणार नव्हती. माझं लक्ष मात्र कानाजवळच्या त्याच्या बोटांकडं.

रविवारी सकाळी श्रावणाची सर आली. पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की कानाला नळी लावून उपयोग नव्हता. आम्ही जुन्या टायरवर शेजारी-शेजारी बसलो. तो नुसता घड्याळाकडं बघत होता. मला त्याचा रागच आला.

"दोन्ही कार्बोरेटरचं हवेचं स्क्रू दर वेळी सारखंच का ठेवताय?"

"जोडी हाय म्हणून."

"जोडी कुठली? एकाचा पत्रा जाड, एकाचा पातळ असला तर आमी दोन्ही घुंगरू सारखं घासत न्हाय. एकाला जास्त, एकाला कमी. आवाज एक झाला की बास."

पाऊस थांबला तसा तो उठला. एक स्क्रू आवळला, दुसरा सैल केला. मी नळी इकडून तिकडं फिरवत होते. "अजून... अजून जरा... आता हात लावू नका."

दोन्ही आवाज एक झाले. गाडीचं कण्हणं थांबलं आणि तिच्या पोटातून असा भरदार, शांत सूर निघाला की माझ्या अंगावर काटा आला. मडगार्डवर चहाचा कप होता. त्यात लहरसुद्धा उठेना. आमच्या जन्माआधीचं ते लोखंड, त्यात परक्या गाडीचा तुकडा, आणि ते श्वास घेत होतं! गुरुसिद्धचे डोळे भरून आले होते. माझेही.

दारात अप्पा उभे होते. पांढरं धोतर, हातात नवं कुलूप. बराच वेळ त्यांनी तो आवाज ऐकला. मग कुलूप पिशवीत टाकलं आणि सरळ गाडीत जाऊन बसले. "चल. मालकाच्या दारापतोर मी बी येतो."

गाडीत जागा दोघांचीच. मी पिशवी उचलली.

"थांब," गुरुसिद्ध म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं. "शेवटचं एकदा ऐक की."

मी नळी कानाला लावली. दुसरं टोक त्यानं कार्बोरेटरकडं नेलंच नाही... स्वतःच्या ओठांशी धरलं.

"निशिगंधा, मला तू आवडतीस. लई. आज गाडी नसती चालली तर हे सांगायचं तोंड ऱ्हायलं नसतं मला."

मेलं, माझ्या तोंडाला तेव्हाच बरं दार लागलं! मी नुसतं माझ्याकडचं टोक त्याच्या कानाला लावलं, दुसरं ओठांशी घेतलं आणि कसंबसं बोलले. त्याचे कान गाडीसारखे लाल झाले.

"आता आनि काय बिघडलं रं?" अप्पा आतून ओरडले.

"काय न्हाय अप्पा," माझ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "पुढच्या रविवारी आपल्याला हुपरीला जायाचं हाय."