तिनाचे सहा

तो आला होता तिच्या मामाचा चष्मा पोचवायला. चष्म्याच्या दुकानात काम करणारा, उंच, बोलताना जरा वाकणारा माणूस. पण त्या गुरुवारी पूल हॉलमधल्या एका संघाचा पाचवा खेळाडू उगवलाच नव्हता. मामाने नवा चष्मा नाकावर चढवला आणि या माणसाच्या हातात क्यू, म्हणजे खेळायची काठी, दिली. हॉल मामाचा, त्याला नाही कोण म्हणणार?

"आधी खेळलायत?" तिने खेळाडूंच्या नंबरांच्या तक्त्यातून मान वर न काढता विचारलं.

"कॉलेजात... थोडंफार."

"थोडं, की फार?"

तो हसला. हसता हसता नाक चोळलं आणि क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकचा निळा ठिपका नाकाला लागला, ते त्याच्या गावीही नव्हतं. तिच्या मात्र फार लक्षात आलं.

खेळाडूंना नंबर देण्याचं काम तिचं. इथे सगळे हौशी, कामावरून सुटून खेळायला येणारे. प्रत्येकाला दोन ते सात असा नंबर मिळे. नंबर जितका मोठा, तितके जास्त डाव जिंकावे लागत, म्हणजे नवखाही पट्टीच्या खेळाडूसमोर ताठ मानेने उभा राहू शके. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. कुणी कितीही गोड बोललं तरी तिचा आकडा हलत नसे. सख्खा मामा तीन वर्षं चारवर अडकला होता.

नवख्याला तीन, हा नियम. तिने चष्मेवाल्याच्या नावापुढे तीन लिहिले.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. येई, खेळे, ऐन वेळी चुके, आणि रडतखडत का होईना जिंके. खेळ संपला की तिच्या टेबलाशी रेंगाळे. आज काही सुधारणा, असं विचारे. ती गंभीर चेहऱ्याने सांगे, "तीनच." तो खांदे पाडे, की तिला हसू आवरत नसे.

तिसऱ्या गुरुवारी तिला कळलं. लोक रंगीत बॉल पॉकेटमध्ये जातो का ते बघतात. ती पांढरा बॉल बघायची. ज्याला खेळ येत नाही त्याचा पांढरा बॉल वाट फुटेल तिकडे पळतो. याचा रंगीत बॉल केसाच्या अंतराने हुके, पण पांढरा अगदी शहाण्या मुलासारखा हव्या त्याच जागी थांबे. हा माणूस तीनचा नव्हताच. निदान सहाचा होता, आणि ठरवून चुकत होता.

कळलं, पण तिने लिहिलं नाही. संघातल्या पाच जणांच्या नंबरांची बेरीज तेविसाच्या वर चालत नसे. याचे सहा झाले की संघ त्या बेरजेत बसत नव्हता, आणि याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉलमधल्या संघात जावं लागलं असतं. अजून एक सामना बघू, असं ती स्वतःला म्हणे. बघता बघता चार महिने गेले. ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि तिचा तक्ता खोटं बोलत होता.

उपांत्य सामन्यात त्याच्यासमोर शिंपीकाका आले. पासष्टी उलटलेले, वर्षभर रोज सराव केलेले. काकांचा नंबर पाच, त्यांना चार डाव हवे होते. त्याला तीनच्या नंबराने दोनच पुरे. काकांनी तीन जिंकले, त्याने दोन घेतले, आणि काका संघासकट स्पर्धेबाहेर गेले.

स्वतः शिवलेल्या पिशवीत क्यू घालत काका तिच्यापाशी आले. "माझं कुठे चुकलं गं पोरी? तुझं लक्ष असतं म्हणून विचारतो."

काकांचं काहीच चुकलं नव्हतं. ते जिना उतरून गेले, आणि ती तक्ता घेऊन थेट चष्मेवाल्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही मुद्दाम चुकता."

तो हळूच म्हणाला, "कधीपासून माहीत आहे?"

"तिसऱ्या गुरुवारपासून."

"मग लिहिलं का नाहीत?"

तिने तक्ता छातीशी धरला.

"सहा पडले की मला तिकडे धाडतील," तो म्हणाला. "आणि तुम्ही इथे बसता. म्हणून चुकत होतो."

चार महिने हेच ऐकायला तिचा जीव आसुसला होता. आणि ऐकताना डोळ्यांसमोर काका होते.

"मीही त्यासाठीच गप्प राहिले," ती म्हणाली. "पण काकांनी आपलं काय वाकडं केलं होतं?"

तिने तीनवर काट मारली, सहा लिहिले आणि तक्ता त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, खाली सही केली आणि जिना उतरला. गेला, असं तिला वाटलं. खिडकीतून पाहिलं तर तो रस्त्यात काकांना गाठून मान खाली घालून बोलत होता.

काका परत वर आले. सामना त्यांचा ठरला. तिने मामालाही सगळं सांगितलं. मामाने चष्मा काढला, पुसला, आणि पुढच्या मोसमात तक्ता मी भरेन एवढंच म्हणाला. तिला लागलं, पण तिने मान डोलावली. काका मात्र मिशीत हसत म्हणाले, मास्तरीणबाईंचाच एक मार्क कापायला हवा.

हॉल रिकामा झाला. तो दाराशी थांबला होता.

"रविवारपासून मी तिकडे," तो म्हणाला. "तुम्ही... याल?"

"मुद्दाम चुकणार असशील तर नाही येणार."

"आणि खरोखरच हरलो तर?"

"खुशाल हर," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी येणार आहे."