कोठारातल्या तीन टाळ्या

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घडलं ते भर दुपारी, सव्वातीनच्या सुमाराला. आणि माझ्याच चुकीने घडलं.

मी हॉस्पिटलात नर्स आहे. सलग पाच रात्रपाळ्या संपवून त्या दिवशी सकाळी घरी आले, तर नवरा बूट घालून तयार.

"आजच जायचं ठरलं होतं ना," तो म्हणाला. "गाडीत झोप काढ."

गाडीत कोण झोपू देतं?

दोन तासांवरचं ते जुनं शहर. दगडी तट, अरुंद गल्ल्या आणि दर दहा पावलांवर माहितीचा फलक. नवरा शाळेत खेळ शिकवतो, पण इतिहास म्हणजे त्याचा जीव की प्राण. प्रत्येक फलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचणार.

"लहानपणी पुस्तक हातात घे म्हणून मी याच्या पाया पडायचे," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

मी हसले. दिवसभरातलं हसणं तेवढंच. डोळे चुरचुरत होते, टाचा ठणकत होत्या. मनात नुसते फालतू विचार. हे दगड ज्यांनी वाहिले, त्यांना कधी सुट्टी मिळत असेल का? मिळाली तर ते झोपत असतील, की त्यांनाही कुणी असंच फिरायला नेत असेल?

तीन वाजता आम्ही तटाखालच्या कोठारांपाशी पोचलो. जमिनीखाली धान्य साठवायच्या दगडी खोल्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. सासूबाई पिशव्या घेऊन बाहेर बाकावर बसल्या. नवरा, मी आणि आमची सात वर्षांची ठकी आत उतरलो.

नवऱ्याने फलक वाचायला घेतला. मी भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा...

ठकी नव्हती.

नवरा जिन्याकडे धावला. मी आतल्या खोल्यांकडे.

अशा वेळेसाठी आमच्या घरात एक नियम आहे. नवऱ्यानेच बसवलेला. हरवलेल्याने हलायचं नाही. शोधणाऱ्याने दोन टाळ्या वाजवायच्या, हरवलेल्याने तीन. तीन ऐकू आल्या की शोधणाऱ्याने ओरडायचं, "थांब तिथेच, आले!" मग आभाळ कोसळलं तरी जागा सोडायची नाही.

ठकी हा नियम जिवापाड पाळते. एकदा घरी सराव करताना मी "थांब तिथेच" म्हणाले, जरा पलंगावर टेकले आणि झोपूनच गेले. दीड तासाने जाग आली. पोर दाराआड उभीच होती. रडली नव्हती. "तू येणार म्हणालीस ना," एवढंच म्हणाली. मला स्वतःचीच लाज वाटली होती.

दिवे तिसऱ्या खोलीपर्यंतच होते. तिथे उभी राहून मी दोन टाळ्या वाजवल्या.

काहीच नाही.

वरची वर्दळही आता ऐकू येत नव्हती.

पुन्हा दोन.

आणि आतल्या अंधारातून...

टप. टप. टप.

तीन. लहान हातांच्या.

माझ्या जिवात जीव आला. "थांब तिथेच, आले!" मी ओरडले. फोनचा उजेड धरून पुढे निघाले.

चौथी खोली रिकामी.

पाचवी रिकामी.

सहावीच्या तोंडाशी जाळीचं दार. त्याला गंजून दगड झालेलं कुलूप. जाळीत माझा हातसुद्धा शिरला नसता.

इतक्यात मागून नवऱ्याची हाक आली. "अगं, सापडली! आईपाशी बसून पाणी पितेय. ये वर."

मी जागच्या जागी थिजले. कारण जाळीच्या पलीकडून...

पुन्हा तीन टाळ्या आल्या. या वेळी हळू. दमलेल्या.

वर कशी आले, मला आठवत नाही.

"आत आवाज घुमतो हो बाई," तिकीटवाले काका म्हणाले. "ते दार मी नोकरीला लागल्यापासून बंदच आहे."

नवराही तेच म्हणाला. मी त्याला विचारलं, "घुमला तर दोनाच्या दोनच येतील ना? तीन कशा?"

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली.

गाडीत मी ठकीला जवळ घेतलं. "तू आत टाळ्या वाजवल्यास का गं?"

"नाही. मी कुठे हरवले होते?"

याला सात महिने झाले. वॉर्डात दिवसातून पन्नासदा मी "आलेच हं" म्हणायची, आणि पन्नासदा विसरायची. आता ते शब्द तोंडातून निघत नाहीत. सिस्टर तुसड्या झाल्यात, असं पेशंट म्हणतात.

ते माझ्या मागे आलं, असं नाही. घरात कसली चाहूल नाही, आवाज नाही, काहीच नाही. आणि मला भीती वाटते ती त्याचीच. जे कोण आत होतं, त्याला आमचा नियम ठाऊक होता. म्हणजे ते हलणार नाही.

नवरा म्हणतो, विसर आता. परत तिथे जायची माझी हिंमत नाही. पाळी संपवून येते, अंग मोडून आलेलं असतं, पण पाठ टेकली की डोळा लागत नाही. मी येते म्हणून सांगितलंय, आणि ते पोर तिथे उभं आहे.