अळणी ताट

मधुचंद्र आठवतो का, असं विचारतेस? बस इथे, दिवा जरा मोठा कर. सांगते.

लग्न त्रिनिदादला झालं आणि डेल्विनला घेऊन मी कॅरियाकू बेटावर आले, आजीच्या समुद्राकाठच्या घरात. आजी जाऊन वर्ष झालं होतं. पहिल्याच रात्री ती स्वप्नात आली. "नातजावई आणलास, आणि आम्हांला जेवायला घातलं नाहीस?" आमच्याकडे मेलेलं माणूस स्वप्नात भूक सांगून गेलं की वाडवडिलांचं ताट मांडावंच लागतं. सकाळी मी कोंबडी शिजवली, मक्याच्या पिठाचा कू-कू घोटला. मिठाचा कणही घातला नाही, मेलेल्यांना मीठ चालत नाही. आतल्या खोलीत पांढरं कापड अंथरलं, त्यावर ताट, रमचा पेला आणि मेणबत्ती. दार ओढून घेतलं आणि डेल्विनला बजावलं, "त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"बरं, बाईसाहेब!" तो हसला. "लग्नाचा केक संपला नाही, तोवर हुकूम सुरू झाले."

मी पाव आणायला गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. परत आले, तर तो दारातच बोटं चाटत उभा. पोहून आला होता, केस अजून ओलेच होते.

"इनेझ, स्वयंपाक झकास झालाय गं. मीठ तेवढं विसरलीस."

माझ्या हातातला पाव खाली पडला.

"डेल्विन... कुठलं ताट खाल्लंस तू?"

"भूक लागली होती. आणि मेलेली माणसं कुठे जेवतात, वेडे?"

असा राग आला! पण रागापेक्षा भीती मोठी होती. मी शेजारच्या टँटी एफीकडे धावले. ऐकताच म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरी, त्यांच्या पंगतीला बसला तो! दिवस मावळायच्या आत त्याच्या पोटात मीठ घाल. नाहीतर तो त्यांचाच झाला समज."

मिठाचं पाणी दिलं, त्याने थुंकून टाकलं. खारा मासा भरवायला गेले, त्याने तोंड फिरवलं. "घसा भाजतो, इनेझ..." त्याचा आवाज बारीक झाला होता. समुद्रावर ओढत नेलं, तर लाट पायाला लागताच तो मागे सरला. सकाळी त्याच पाण्यात मनसोक्त डुंबलेला माणूस! मी रडले, शिव्या दिल्या, पाया पडले. तो नुसता घराकडे बघत राहिला.

ऊन उतरलं तसा तो माझा हात सोडवून घरी गेला, थेट आतल्या खोलीत. आतून कडी लागली. मग ताटांचा आवाज यायला लागला. मी एकच ताट मांडलं होतं गं, आणि आत अख्खी पंगत बसल्यासारखा आवाज. मेणबत्तीचा वास, त्यात ओल्या मातीचा वास. आणि हलक्या आवाजातली बोलणी...

मी दारावर डोकं आपटायला लागले. "आजी, सोड गं त्याला! परका आहे तो, त्याला काय ठाऊक? मला दुसरं आहे कोण?"

आजीचाच आवाज आला, अगदी मायेचा. "भरल्या पानावरून कसं उठवू, बाळ? जागा रिकामी राहील..."

"मी बसते! त्याच्या जागी मला घे!"

आत एकदम सामसूम झाली. कडी निघाली. डेल्विन धडपडत बाहेर आला, मिठाचा डबा ओढून त्याने मूठभर मीठ तोंडात कोंबलं, भडाभडा ओकला आणि लहान मुलासारखा रडत मला बिलगला.

"चल इथून... आत्ताच्या आत्ता."

धक्क्यावर शेवटची बोट उभी होती. सूर्य पाण्याला टेकला होता. माझं रडं थांबेना, पण ते सुखाचं होतं. सुटला होता माझा नवरा! "पुरे आता, रडूबाई," म्हणत त्याने माझा चेहरा ओंजळीत धरला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

मग तो थबकला. ओठांवरून हळूच जीभ फिरवली. त्याचं हसू मावळलं.

"इनेझ... अळणी आहे गं."

मी गालावरचा थेंब बोटावर घेऊन चाखला. मला तो बरोबर लागला.