एक कंस कमी

“थांबा की वाईच, पावणं. फाईल मोठी हाय.”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही अक्षरं उमटली आणि मी खुर्चीतच सरळ झाले. नेटवरच्या त्या टूलचं सगळं पान इंग्रजीत होतं. साऱ्या जगासाठी, फुकट ठेवलेलं. मग आत बसून मला पावणं म्हणणारा हा कोल्हापुरी माणूस कोण?

मी स्नेहल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुतुबुद्दीनचाचांच्या कारखान्यात सर्किट बोर्डांची डिझाइनं करते. शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. आमच्या शिरोळकडं पुरात त्या बुडतात, आणि पाणी ओसरलं की माणसं नवा बोर्ड मागत येतात. पण जुन्या बोर्डांची डिझाइनं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते बंद पडलं आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फायली उघडेनात. जुनी फाईल नव्याला समजेल अशी करून देणारं काहीतरी नेटवर शोधता शोधता हे टूल सापडलं होतं.

थोड्या वेळानं पुन्हा अक्षरं आली, “न्हाय जमलं. माझीच चूक असंल. कळवा.”

चूक स्वतःच्या अंगावर घेणारं सॉफ्टवेअर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते! मी लगेच कळवलं. फाईल जोडली, खाली नाव लिहिलं, कारखान्याचा पत्ताही लिहिला. दुपारी उत्तर आलं.

“भावा, उद्यमनगरात हाईस व्हय? मी बिद्रीचा. उद्या कोल्हापुरात काम हाय, येतोच.”

दुसऱ्या दिवशी दारात छत्री मिटत एक उंच मुलगा उभा राहिला. स्वतः निम्मा भिजलेला, पण लॅपटॉपची सॅक छातीशी धरून कोरडी ठेवलेली.

“स्नेहल कुठं भेटंल?”

“भेटला की,” मी जागेवरून न उठता म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चाचांकडं, मग उगीचच छताकडं. कान लालेलाल झाले. “म्हणजे… तुम्ही? मला वाटलं…”

“भावा म्हणा की. चालतंय.”

“न्हाय, न्हाय,” तो घाईघाईनं म्हणाला, “ते आता न्हाय जमायचं.”

त्याचं नाव राजवीर. बिद्रीच्या साखर कारखान्यात यंत्रांच्या पॅनेलचं काम बघायचा. तिथल्या जुन्या बोर्डांचीही हीच रड होती, म्हणून गाळप बंद असताना त्यानं हे टूल लिहून काढलं होतं.

“मग फुकट कशाला वाटलं?” मी विचारलं.

“मी ज्या खड्ड्यात पडलो, त्यात दुसऱ्यानं पण कशाला पडायचं?”

“आणि ते पावणं?”

“घरी आलेल्याला आपण पाणी इचारतोच न्हवं? मग टूलमध्ये आलेल्याच्या तोंडावर नुसता एररचा नंबर कसा फेकायचा?” हे तो इतक्या मनापासून म्हणाला, की मला हसूही आलं आणि त्याच्याकडं आणखी थोडा वेळ बघावंसंही वाटलं.

त्यानं तिथंच बसून टूल दुरुस्त केलं. बोर्ड पडद्यावर उघडला. आम्ही तो खऱ्या मापात कागदावर छापला आणि त्यावर जुना बोर्ड ठेवला, तर एक भोक जुळेल तर शपथ. राजवीरनं कागद उचलला आणि खिडकीच्या काचेवर धरला.

“अहो, ही आरशातली हाय! बोर्डाची खालची बाजू माझ्या टूलनं उलटी टाकली.”

बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. भोकं मोजायला मी पुढं झाले. एकाच भोकावर कागदाच्या अलीकडून माझं बोट आणि पलीकडून त्याचं… मध्ये कागद होता म्हणून बरं झालं. की वाईट झालं? दोघांनीही बोट लवकर काढलं नाही, एवढं खरं.

संध्याकाळी पडद्यावर आलं, “झालं. आता चा प्या.” आम्ही गुमान प्यायलो.

मग हे सुरूच झालं. माझी एखादी फाईल अडायची, राजवीर यायचा, टूल सुधारायचा. बोलता बोलता मला कळत गेलं, की तो चहात साखर घालत नाही, कारण दिवसभर साखरेचा वास घेऊनच त्याचं पोट भरतं. हसू आलं की खाली बघतो, हेही कळलं. मला तो आवडला होता. फार आवडला होता. आणि फायली तर संपत आल्या होत्या.

“दिवाळीच्या तोंडावर गाळप सुरू हुतंय,” तो एकदा म्हणाला. “मग मान वर काढायला सवड न्हाय.”

शेवटची फाईल सुरळीत उघडली त्या दिवशी चाचांनी पेढे आणले आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. काम संपलं तर हा माणूस इथं कशाला येईल?

मग मी तो उद्योग केला. फाईल म्हणजे आतून नुसता मजकूर असतो. त्यातला एक कंस पुसला की टूल तिथंच अडतं. मी एक कंस पुसला आणि कळवलं, “न्हाय जमलं.” राजवीर आला. त्यानं कंस घातला, चहा प्यायला आणि गेला. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या फाईलचा कंस पुसला.

“पोरी,” चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, “फाईल बिघडती का बिघडवती?”

तिसऱ्या खेपेला राजवीर पडद्याकडं बघतच म्हणाला, “तुमच्याच फायलींतले कंस कसे काय गळतात ओ?”

“उंदीर असतील.”

“कॉम्प्युटरात?”

“उद्यमनगरातले उंदीर हाईत. काय बी खातात.”

तो खाली बघून हसला. पण त्यानंतर आलाच नाही. एका सकाळी त्याचा दोन ओळींचा निरोप आला, “नवीन टूल टाकलंय. आता कंस राहिला तर टूलच सांगंल. मला यायची गरज न्हाय.”

गरज न्हाय! आपलं बिंग फुटलं, आणि त्याला ते आवडलं नाही. रागारागानं मी नवीन टूल उतरवलं आणि तीच बिघडवलेली फाईल त्यात ढकलली.

“एक कंस कमी हाय,” पडद्यावर आलं. “पण स्नेहल, त्यासाठी फाईल कशाला बिघडवतीस? रविवारी रंकाळ्यावर नुसतीच ये. माझं तुझ्याशिवाय न्हाय जमत. येणार न्हवं?”

मी तोंडावर हात ठेवला. पुन्हा वाचलं. अहो-जाहोतला माणूस एकदम अगं-तुगंवर आला होता, तोही माझं नाव घेऊन! तेवढ्यात फोन वाजला.

“स्नेहल, घोटाळा झाला!” राजवीरचा आवाज रडवेला. “ते फकस्त तुझ्या फायलीला दिसायचं हुतं. ती अट घालायची राहिली. ज्याचा ज्याचा कंस राहिलाय, त्या सगळ्यांना दिसालंय! आत्ता काढून टाकतो…”

मी टूलचं पान उघडलं. खाली ब्राझीलमधल्या कुणीतरी इंग्रजीत विचारलं होतं, की माझ्या फाईलवर तुमच्या भाषेत एक लांबलचक वाक्य येतंय, त्याचा अर्थ काय आणि मी नेमकं काय करायचं?

“काढू?” राजवीरनं विचारलं.

“थांबा की वाईच, पावणं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्या ब्राझीलच्या माणसाला मी सावकाश, नीट इंग्रजीत उत्तर लिहिलं. तुमच्या फाईलमध्ये एक कंस राहिलाय, तेवढा घाला, म्हणजे काम होईल. बाकीचं वाक्य तुमच्यासाठी नाही, ते माझ्यासाठी आहे. ज्यानं ते लिहिलंय तोही हे पान वाचतो, म्हणून त्याचं उत्तर इथंच देते.

शेवटचा शब्द तेवढा मी मराठीत लिहिला, साऱ्या जगाला दिसेल असा.

“व्हय.”