करंगळी नसलेला हात

बडनेऱ्याचा कॉम्प्युटरवाला शेखर सकाळी आला तो हसतखेळतच. अकोल्याच्या जुन्या शहरात तनवीरचा मशीनवरच्या भरतकामाचा कारखाना. तिथला जुना कॉम्प्युटर काढून सगळी डिझाइनं इंटरनेटवर चढवून द्यायची होती. आता सॉफ्टवेअर पदरी बाळगायला नको, ब्राउझर उघडला की काम सुरू. पेन ड्राइव्ह घेऊन मशीनकडं पळायला नको, डिझाइन थेट सुईखाली. शेखरच्या घरीही अशीच मशीन होती, त्यावर त्यानं आधीच हे सगळं जोडलेलं. असल्या बोलण्याला कोण भुलणार नाही? त्या साली कापसाचा भाव बसला होता, भरतकामाचे लेहंगे मागायला कुत्रं फिरकत नव्हतं, मिळेल ते काम झटपट उरकणं भाग होतं.

तनवीरची अम्मी, हलीमाबी, दारातूनच त्याला म्हणाली, "बेटा, सगळं चढव, पण तो हात नको चढवू. तुह्या अब्बानं त्याले कधी डब्याबाहेर काढलं नाही."

अब्बा म्हणजे गयासुद्दीन, आता मातीआड गेलेला. त्याची करंगळी याच मशीननं खाल्ली होती. जखम भरल्यावर त्यानं आपल्या थोट्या हाताचं डिझाइन जुन्या कॉम्प्युटरात काढून ठेवलं. मशीनची भूक तिथं कोंडून ठेवली, असं तो बायकोला म्हणायचा. मरेपर्यंत त्या कॉम्प्युटरला त्यानं इंटरनेट लागू दिलं नाही. आता म्हाताऱ्याचं खूळ कोण सांभाळत बसतो? शेखरनं सगळं एकदम चढवलं, जुना डबा भंगारात दिला आणि तो घरी गेला.

दुपारी मशीन आपोआप सुरू झाली. तनवीरनं काहीच पाठवलं नव्हतं. पांढऱ्या कापडावर लाल धाग्यानं अंगठा निघाला, मग एकेक बोट. तेलाच्या वासात कच्च्या मांसाचा वास मिसळला.

"अलीझा, मागं हो..."

बहीण अलीझा मशीनपाशीच होती. आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईचं हातभरत, करावं तर तिनं. त्या मंदीत घर चालत होतं ते तिच्याच बोटांवर. धागा तुटला म्हणून तिनं सवयीनं हात घातला, ईदची मेंदी अजून उतरायची होती. सुई करंगळीतून आरपार गेली. वर-खाली, वर-खाली. तनवीरनं प्लग उपटला, मशीन चालूच. आता बोला. मग त्याचं डोकं फिरलं. लोखंडी पाना उचलून त्यानं मशीनवर घातला, पुन्हा घातला, तुटलेली सुई त्याच्याच गालात घुसली तरी घालतच राहिला. मशीन थंड पडली तेव्हा बहीण सुटली, पण करंगळी तुटली.

हलीमाबीनं ओढणी फाडून लेकीचा हात बांधला. "तुले सांगतलं होतं ना मी..." तनवीरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. करंगळी शोधायला तो खाली वाकला. ती कुठंच नव्हती. कापडावरचा हात मात्र आता पाच बोटांचा होता. करंगळीवर अलीझाच्या मेंदीचं पान भरलेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शेखर होता.

"तनवीरभाऊ, हा लाल हात तुमी पाठवला का? माह्या मशीनवर चालू झाला."

"बंद कर... शेखर, हात लावू नको त्याले..."

"कावून? मस्त आहे ना. करंगळीवर मेंदी बी आहे. पण मशीन तर त्याच्या पुढं सहावं बोट काढून राहिली. थांबा, धागा तुटला... माही बायको लावून राहिली."

फोनमधली मशीनची खडखड थांबली होती. तनवीर जिवाच्या आकांतानं ओरडला. तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली.