डोंगरावरच्या बाईचे डोळे

पेणच्या रामवाडीतल्या काळुरामाने चाळीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात एकच काम केलं, मूर्तींचे डोळे आखायचं. नात उर्वी इटलीत शिकायला. तिने हट्टाने बोलावलं म्हणून म्हातारा विमानात बसला. समुद्राकाठचं जुनं शहर बघून झालं, आणि दुपारी दोघं डोंगरावरच्या गावात चढून गेली.

गाव दगडी, गप्प. खिडक्या लावलेल्या. टोकाला एक चर्च, आपल्या वेशीवरच्या देवळाएवढं. आत ओल्या चुन्याचा, विझलेल्या मेणबत्त्यांचा वास. कोनाड्यात लाकडाची बाई उभी. तिचे डोळे कुणीतरी खरवडून काढलेले. उर्वीने फोटो काढला आणि ती बाहेर पाणी प्यायला गेली.

काळुरामाला राहवेना. बिनडोळ्यांची मूर्ती त्याने जन्मात मागे सोडली नव्हती. विझलेल्या वातीची काजळी काडीला लावली, श्वास धरला. दोन रेघा, दोन बुबुळं. नजर खाली, तिच्या स्वतःच्या पायांकडे.

वळला तर उर्वी दारात.

"आजोबा... पाय उचलत नाय."

"भरले असतील गो. डोंगराची सवय हाय कुठं तुला?"

"नाय. पायच नायत असं वाटतंय..."

त्याने मागे पाहिलं. नजर आता खाली नव्हती. थेट दाराकडे होती.

चर्चच्या चाव्या घेऊन एक म्हातारी आली, मूर्ती पाहून जागीच थबकली. हळू काहीतरी बोलली. उर्वीने अर्थ सांगितला. "म्हणते, डोळे आम्हीच खरवडलेले. ती ज्याच्याकडे बघते, त्याला सोडत नाय. पुसूनपण जात नाय आता."

"जात नाय ना? मग फिरवतो."

त्याने काडी पुन्हा काजळीत फिरवली. काडीने बुबुळं सरकवली, जिथे तो स्वतः उभा होता तिकडे. उर्वीचे पाय सुटले. काळुरामाचा उजवा पाय गुडघ्याखाली गार पडला. नातीच्या खांद्याला धरून तो डोंगर उतरला.

सुट्टीत उर्वी रामवाडीला आली. काठी टेकत म्हातारा ओटीवर बसला होता, समाधानात. पाय आपलाच गेला, पोरीचा नाय.

ती शेजारी बसून फोनमधले फोटो दाखवत होती. एका फोटोशी थांबली.

"आजोबा, हा मी तुम्ही डोळे आखायच्या आधी काढलेला ना?"

"व्हय. आधीच."

फोटोतल्या बाईला डोळे होते. रेघ त्याच्याच हाताची. बघत होती फोन धरणारीकडे.

उर्वीने फोन उपडा ठेवला. उठायला गेली, आणि तशीच बसून राहिली.