जन्मस्थळ : हाउगे

त्या वर्षी सफरचंदं इतकी लगडली, की फांद्यांना टेकू देता देता ब्रीता हाउगेची पुरेवाट झाली. सदुसष्टाव्या वर्षीही ती शिडीवर चढायची आणि वरून शेजारच्या ऐविन्दशी भांडायची. खाली फ्योर्डचं, डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राचं, हिरवं पाणी, पलीकडच्या डोंगरमाथ्यावर फोल्गेफोन्नाची हिमनदी, आणि मधल्या उतारावर तिची चारशे झाडं. ब्रीता सुखी बाई होती. लग्न करायचं राहून गेलं, कारण मागण्या नेमक्या तोडणीच्या दिवसांत यायच्या, असं ती सांगे.

काळजी एकच होती, आणि ती झोप उडवणारी होती. आपल्यामागे या झाडांचं काय? ऑस्लोतला भाचा शेत विकून तिथे सुट्टीची घरं बांधू देणार होता. त्याच्याकडे नकाशासुद्धा तयार होता. मागच्या ईस्टरला त्याने तो ब्रीताला हौसेने दाखवला. जिथे तिची सर्वात जुनी झाडं होती, तिथे गाड्या उभ्या करायची जागा होती.

हिवाळ्यात ब्रीता गावचं पुस्तक लिहायची. प्रत्येक शेतावर कोण राहिलं, कोण कुठून आलं, याचं ते पुस्तक. या भागात आडनाव रक्ताचं नसतं, शेताचं असतं. हाउगेवर राहायला आलेला गडीसुद्धा वर्षभरात हाउगे होऊन जातो, आणि दोनशे वर्षांनी त्याचे खापरपणतू मूळ पुरुषाचे वंशज म्हणून मिरवतात. अमेरिकेहून पूर्वज शोधत येणाऱ्या अशा कितीजणांच्या फुग्याला ब्रीताने टाचणी लावली होती.

हेझेल रॉबसनचं पत्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून आलं. वय अडतीस, रुग्णालयातली नोकरी नुकतीच सोडलेली. थुंकीवरून वंश शोधणाऱ्या तपासणीत तिचा धागा या फ्योर्डपर्यंत पोचला होता, आणि सोबत आलेल्या यादीत दूरची नातलग म्हणून ब्रीताचं नाव होतं. ब्रीताने स्पष्ट लिहिलं, ‘हे नातं इतकं लांबचं आहे, की माझं तुमच्याशी जेवढं आहे तेवढंच ऐविन्दच्या बोकडाशी असेल.’ पण शेवटी लिहिलं, ‘तोडणीला हात कमी आहेत. येत असाल तर दहा दिवस या.’

हेझेल आली. उंच, लाजरी, हसताना तोंडावर हात धरणारी. नॉर्वेजियन भाषेचा तिला गंध नव्हता. ब्रीताचं इंग्रजी कामापुरतं, पण चालून गेलं.

“दगड आहेत, जपून,” ब्रीता तिला घरामागच्या टेकाडावर नेताना म्हणाली. “यात पुरलाय आमचा मूळ पुरुष. व्हायकिंगांची पहिली जहाजं पश्चिमेला गेली ना, त्यातला. तुमच्याच किनाऱ्यावर.”

“म्हणजे आमचे मठ लुटणारा?” हेझेल हसली.

“तोच तो. माफी मागू का त्याच्या वतीने?”

शंभर वर्षांपूर्वी ते टेकाड खणलं होतं. दोन सांगाडे निघाले, एक तलवार, आणि एक सोनेरी पट्टी. पट्टी कुठल्याशा पवित्र पुस्तकाच्या वेष्टनावरची होती, मागे पिन ठोकून तिचा दागिना केलेला. पट्टी ज्या छातीवर होती तो सांगाडा बाईचा होता. अलीकडे संग्रहालयातल्या एका मुलीने त्या बाईचे दात तपासले. त्यावरून कळलं, की तिचं बालपण समुद्रापलीकडे गेलं होतं.

“पळवून आणलेली?” हेझेलने विचारलं.

“असेल. पण सुखाने राहिली असावी. बघ ना, नवऱ्याशेजारी पुरली.”



बाहेरून हाउगेवर राहायला आलेल्याने टेकाडावर बसून सायीची लापशी खायची, उरलेली गवतात ओतायची आणि स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, अशी त्या घरची रीत. ब्रीताच्या आईनेही व्हॉसहून आल्यावर ते केलं होतं. पाहुण्यांना कधी कुणी करायला लावत नसे. ब्रीताने मात्र गंमत म्हणून वाडगा पुढे केला. गंमत म्हणूनच, असं तिने स्वतःला सांगितलं. हेझेलने लापशी खाल्ली, उरलेली ओतली आणि समुद्राच्या दिशेला तोंड करून नाव सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हेझेल तळघरातून लहान शिडी घेऊन आली. ती शिडी पिंपांमागे असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रीताला कौतुक वाटलं. पाचव्या दिवशी तिने ऐविन्दच्या बोकडाला अस्सल गावरान शिवी हासडली.

ऐविन्द हातातली टोपली ठेवून बघतच राहिला. “अगं, माझी सून ऑस्लोहून येऊन बारा वर्षं झाली. तिला अजून ही शिवी नीट जमत नाही!”

“तुझ्या सुनेला बोलायला माणूस कोण मिळतं? तू!” ब्रीता म्हणाली. तिघंही खूप हसली.

आठव्या दिवशी ‘ब्रीताबाई, तुम्ही’ जाऊन ‘मावशी, तू’ आलं. सकाळी कॉफी तयार असायची. संध्याकाळी दोघी पायरीवर बसून सफरचंदाची वाइन प्यायच्या, आणि हेझेल या फ्योर्डच्या बोलीत बडबडायची. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी ब्रीताची गत झाली. तिला देवाकडे एवढंच हवं होतं, की कुणीतरी या झाडांना ‘आपली’ म्हणावं. नवव्या दिवशी हेझेल म्हणाली, “मावशी, आपली वरची रांग या थंडीत छाटायला हवी.” ब्रीता आत जाऊन थोडी रडली.

दहाव्या दिवशी अकराच्या बसने तिला जायचं होतं. साडेदहाला ती शिडीवर होती.

“अगं, बस!”

“कुठली बस?” हेझेलने खरोखरीच विचारलं.

ब्रीताच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण बस गेली, आणि तिने पुन्हा विषय काढला नाही.

दर रविवारी दुपारी हेझेलच्या आईचा फोन यायचा. पहिल्या रविवारी माय-लेकी तासभर बोलल्या. दुसऱ्या रविवारी हेझेल कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मध्ये मध्ये “हो, हो” म्हणाली आणि पाच मिनिटांत फोन ठेवला.

“आई हल्ली फार भरभर बोलते,” ती म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

त्या आठवड्यात पाऊस होता. तोडणी थांबली, म्हणून ब्रीताने पुस्तकाचे कागद काढले. हाउगेच्या प्रकरणात एक जुनी टीप होती, तिनेच लिहिलेली: ‘जनगणनेत कारकुनाची चूक.’ चर्चच्या लग्नवहीत हाउगेच्या सुना कुठून कुठून आलेल्या होत्या. एक शेटलंडची, एक डेन्मार्कची, एक बर्गनच्या जर्मन घरातली. जनगणनेत मात्र प्रत्येकीच्या जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द होता: हाउगे.

तिने कागद शेजारी शेजारी मांडले. अक्षरं वेगवेगळी होती. पस्तीस वर्षांत तीन जनगणना, तीन कारकून. शेजारच्या शेतांवरच्या सुनांची जन्मगावं त्याच कारकुनांनी व्यवस्थित लिहिली होती. म्हणजे चूक कारकुनांची नव्हती. त्यांनी घरी येऊन विचारलं होतं, आणि बायकांनी सांगितलं ते लिहून घेतलं होतं.

मग तिला ती बाई आठवली. ब्रीता सहा वर्षांची असताना व्हॉसहून एक बाई आली होती, आईसारख्याच नाकाची. आईने तिला कॉफी दिली, केक दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि अदबीने विचारलं, “आपण कुणाकडच्या?” नंतर ती बाई बसच्या थांब्यावर उभी राहून मोठ्याने रडत होती. छोट्या ब्रीताला वाटलं होतं, काय हा असभ्यपणा.

आई मात्र आयुष्यभर सुखी होती. मरतानासुद्धा हसत होती.

ब्रीताने कागद गोळा केले. हेझेलला आत्ता सगळं सांगावं, उद्याच्या बसमध्ये बसवावं, तिच्या आईला कळवावं, असं तिच्या मनात आलं. स्वयंपाकघरात हेझेल गुणगुणत होती. ते गाणं ब्रीताची आजी म्हणायची.

तिने कागद कपाटात ठेवले.

रविवारी ऊन पडलं. टेबलावर लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्या होत्या, लोणी होतं, नुकतीच ओतलेली कॉफी होती. हेझेलचा फोन खणखणला. तिने तो उचलला, कानाला लावला आणि ऐकत राहिली. मग ब्रीताकडे बघून खांदे उडवले.

“मावशी, बघ गं कोण आहे. कुणीतरी बाई आहे. एक शब्द कळत नाहीये.”

ब्रीताने फोन घेतला.

“हेझेल? हेझेल, बोल ना बाळा. मी आई बोलतेय.”

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. मागे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते.

“तिकीट काढलंस का? हेझेल?”

ब्रीताला सगळे शब्द कळले. उत्तरालाही इंग्रजी पुरलं असतं. खिडकीबाहेर चारशे झाडं उन्हात उभी होती. वरच्या रांगेत हेझेलने छाटायच्या फांद्यांना लाल दोरे बांधून ठेवले होते.

हेझेल लेफ्सेला लोणी लावत होती.

“इथे हेझेल नावाचं कुणी नाही,” ब्रीता इंग्रजीत म्हणाली. “नंबर चुकला तुमचा.”

तिने फोन बंद केला. तो टेबलावर पालथा ठेवला.

“कोण होतं?”

“चुकून लागला.”

“बिचारी,” हेझेल म्हणाली आणि लेफ्सेची मोठी घडी मावशीच्या ताटलीत ठेवली. “लेक हरवलीय वाटतं तिची.”

ब्रीताने कॉफीचा घोट घेतला. कॉफी छान झाली होती.